उठेल की बसेल

नवतप्याचा पहिला दिवस होता, दुपारचे दोन वाजले होते, आणि तेलीबांध्याच्या तलावाकाठी माणूस तर सोडाच, कुत्रंही दिसत नव्हतं. मे महिन्याच्या शेवटचे ते नऊ दिवस रायपूरमध्ये कोणी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. मी पडले होते, कारण नोकरीचा माझा तिसराच आठवडा होता आणि आमच्या साहेब विनोदिनी दीदींना उशीर अजिबात खपत नसे. तोंडाला ओढणी गुंडाळून मी तीन मजले चढले, दार ढकललं आणि थबकले.

ऑफिस रिकामं होतं. सगळे जेवायला खाली गेले होते. फक्त खिडकीजवळच्या टेबलापाशी एक अनोळखी मुलगा बसला होता. कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. आणि त्याच्या समोरचा स्क्रीन... बंद होता. बंद स्क्रीनपुढे इतकं मन लावून बसलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

मी पाय न वाजवता माझ्या खुर्चीकडे निघाले. डोळे न उघडताच तो म्हणाला, "हळदीवाले बसतील."

माझ्या काखेत जी फाइल होती, ती हळदीवाल्यांचीच होती.

"आपको कैसे पता मेरे हाथ में कौन-सी फाइल है?" मी विचारलं.

आता त्याने डोळे उघडले. मोठे, शांत, जरा झोपाळलेले. "जिना चढताना आकडे बडबडून राहिली होती तू. एकोणीस हारी, त्यातल्या बारा एका गोलानं. एवढ्या हारी हळदीवाल्यांच्याच हायेत."

मी बडबडते, हे खरं. आकडे पाठ करत जिना चढायची मला सवयच आहे. पण मध्ये बंद दार होतं, पंखा गरगरत होता आणि त्याच्या कानांवर हेडफोन होते. घामाने भिजलेल्या पाठीवरून एक थंड रेघ गेली माझ्या. एसी फार दिवसांपासून बिघडलेला होता, त्यामुळे दोष त्यालाही देता येईना.

हे हळदीवाले कोण, ते सांगते. आमचं ऑफिस एका परदेशी वेबसाइटचं काम करायचं. तिकडच्या चार लीगमधल्या ब्याऐंशी फुटबॉल टीम, आणि दर उन्हाळ्यात प्रत्येकीबद्दल आम्ही सांगायचं की पुढच्या हंगामात ही सुधारेल की घसरेल. टीमची नावं आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून ऑफिसने त्यांना आपली नावं दिली होती. पिवळा शर्ट घालणारे ते हळदीवाले. पोलादाच्या कारखान्यांच्या गावचे ते, आमच्या उरल्याच्या कारखान्यांवरून, उरलावाले. ज्यांच्या मैदानामागे तळं होतं ते तेलीबांधावाले. वेगळं राज्य होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती, नव्या राजधानीत नवे रस्ते, नव्या काचेच्या इमारती उगवत होत्या, आणि त्यातल्या एकीत बसून आम्ही सात समुद्रांपलीकडच्या टीमचं भविष्य सांगत होतो. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते आधी हसले आणि मग म्हणाले की रेल्वेत भरती निघाली की फॉर्म भर.

माझं नाव भावना, पण काम सगळं आकड्यांचं. संख्याशास्त्रात एमएस्सी केलेली मी. माझा हिशेब सरळ होता. ज्या टीमने एका गोलाने खूप सामने जिंकले, तिला नशिबाने हात दिलाय, पुढच्या वर्षी ती घसरेल. जी एका गोलाने खूप हरली, ती सुधारेल. हळदीवाले बारा सामने एका गोलाने हरले होते, म्हणजे ते वर जाणार, यात शंकाच नव्हती. तसं मी त्या मुलाला ठणकावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली, लहान मुलाच्या हट्टापुढे हलवतात तशी.

"शर्त लावते?" तो म्हणाला.

"लगाओ. जो हारेगा, वो मेरी आई की करेले की सब्जी खाएगा."

"हव," तो म्हणाला. "पण तू मराठीत काहून नाही बोलत? समजते तर सगळं."

रायपूरमध्ये जन्मलेली आम्ही मुलं अशीच. आई मराठीत रागावते, आम्ही हिंदीत माफी मागतो. आज हे सगळं मी मराठीत लिहितेय ते त्याच्या टोकण्यामुळे.

त्याचं नाव यशदीप. तोवर तो रात्रपाळीला होता, म्हणून मला दिसला नव्हता. सिलतऱ्याच्या एका कारखान्याच्या टीमचा तो गोलकीपर होता. नोकरी कारखान्याची, काम गोल अडवण्याचं. गुडघा गेला तशी ती नोकरीही गेली. वडील लहानपणीच वारले होते आणि आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. हे सगळं मला हळूहळू कळलं, जेवणाच्या सुट्टीत, कारण पहिल्या आठवड्यातच आमचे डबे एकमेकांसमोर उघडायला लागले. त्याची बोटं लांब होती आणि उजव्या हाताची करंगळी वाकडी. ती कशी मोडली हे मी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा त्याने वेगळी गोष्ट सांगितली. चौथ्यांदा मी विचारलं नाही, करंगळी नुसती हातात धरून बघितली. तो पोळीचा घास घ्यायचा विसरला.

तो सामने बघत नसे, ऐकत असे. गोलकीपर नव्वद मिनिटं मागे उभा राहून ऐकतच असतो, असं त्याचं म्हणणं. ऐकायची ती फक्त एक गोष्ट, की गोल खाल्ल्यावर टीमचा आवाज कसा होतो. जिथे कोणी कोणाला शिव्या देतं, ओरडतं, ती टीम जिवंत. पण कधीकधी, तो म्हणाला, लोकांच्या आरडाओरड्याखाली एक बारीक आवाज लागतो. रिकाम्या वॅगनमधून वारा जातो तसा. तो ऐकू आला की ती टीम बसली.

"मुझे सुनाओ," मी म्हणाले.

त्याने हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली, दुसरी स्वतःच्या. वायर आखूड होती. इतकी आखूड की... बरं, ते जाऊ दे. पाच मिनिटं मी श्वास रोखून ऐकलं. परदेशातला पाऊस, गर्दी, शिट्टी.

"आला का आवाज ऐकू?"

"हाँ. तुम्हारी साँस."

त्याचे कान लाल झाले. मी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं, पण हसू काही लपलं नाही.

हे असंच गोड चाललं असतं तर मी ही गोष्ट लिहिली नसती. ऑफिसखाली बाबाराव म्हणून एक म्हातारे होते, गोंदियाकडचे. त्यांची चहाची टपरी होती. जुलैत एका दुपारी आम्ही तिथे उभे होतो. स्टोव्ह भर्र आवाज करत होता, बाबाराव कोणाशी तरी थट्टा करत होते. यशदीपने एकदम ग्लास खाली ठेवला आणि डोळे मिटले. दोन्ही हात गुडघ्यांजवळ गेले, पहिल्या दिवशी पाहिले होते तसे.

"अजून एक चहा पिऊन घे," तो मला म्हणाला. त्याचा चेहरा धुतल्या कपड्यासारखा झाला होता.

मी हसून विचारलं, का? बाबारावांना मात्र त्याने उगाचच विचारलं की मुलाबाळांना भेटून किती दिवस झाले, आणि जाऊन या म्हणाला. दुसऱ्याच आठवड्यात बाबाराव खरंच गावी गेले, नातवंडांत चार दिवस राहिले आणि तिथेच झोपेत संपले. टपरी तशीच उभी राहिली. किटलीवर सिलतऱ्याकडून येणारी काळी धूळ साचत गेली. मी रोज तिच्यासमोरून जायची आणि रोज दुसऱ्या बाजूला बघायची.

म्हणजे ते फक्त टीमचं नव्हतं.

शेवटी एका दुपारी तलावाच्या कठड्याशी मी त्याला धरलं. पावसाने दडी मारली होती, ऊन भाजत होतं, पाणी काचेसारखं निश्चल होतं, एक पान हलत नव्हतं. मी म्हणाले की मला तू आवडतोस, आणि मला तुझी भीतीही वाटते. दोन्ही खरं आहे. मग त्याचा हात माझ्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली.

"मेरे घरवालों को कभी मत सुनना. आई को नहीं, बाबा को नहीं. कभी नहीं."

"मी ऐकत नाही, भावना. ते येते."

"तो कान बंद कर लेना."

"हव," तो म्हणाला.

हंगाम सुरू झाला, वर्ष सरलं. त्या वर्षात आम्ही तलावाला किती फेऱ्या घातल्या याची मोजदाद मी ठेवली नाही, आणि मी आकड्यांची मुलगी आहे. मे आला. हळदीवाले लीगमध्ये शेवटून दुसरे आले. मी मुकाट्याने आईच्या कारल्याचा डबा आणला आणि नाक दाबून पहिला घास घेतला. त्याने डबा ओढून घेतला आणि सगळी भाजी एकट्याने संपवली. शर्त तू जिंकलास ना, मी विचारलं. तो म्हणाला, तुह्या आईच्या हातचं हाय, वाया काहून घालवू.

त्याच दिवशी त्याने मला त्याची वही दाखवली. ऑफिसात आम्ही जे फॉर्म भरायचो, त्यात त्याचे अंदाज जेमतेम निम्मे बरोबर असत. दीदी त्यावरून त्याला टोमणे मारायच्या. पण ही वही वेगळी होती, निळ्या पुठ्ठ्याची, शाळेतल्या मुलांची असते तशी. मागच्या जूनमध्ये लिहिलेली ब्याऐंशी नावं, आणि प्रत्येकापुढे मराठीत एकच शब्द. उठेल. बसेल. बसेल. उठेल. मी निकालांचा कागद शेजारी ठेवला आणि बोट फिरवत गेले. दहा बरोबर. तीस बरोबर. मग माझं बोट गार पडलं. ब्याऐंशीच्या ब्याऐंशी बरोबर होती. आमच्या शास्त्रात कसलेला जाणकारही शंभरात साठच्या पुढे जात नाही.

"तो फॉर्म में गलत क्यों लिखा?"

"सगळं बरोबर लिहिलं तर लोक मले सोडतील का?" तो म्हणाला. "आज टीमचं विचारतील, उद्या घरच्यांचं. तुले दाखवलं, कारण तुले भीती वाटते ते तू तोंडावर सांगितलं."

आमचा उन्हाळा त्या वर्षी वेगळाच उगवला होता. एप्रिलमध्येच बाबांना लकवा मारला होता. माझे बाबा, मारोती, रेल्वेत फिटर. तीस वर्षं वॅगनची चाकं बसवणारा माणूस, आणि आता डावी बाजू लुळी, जीभ जड. खाटेवर पडून ते छताकडे बघत राहायचे. डॉक्टर म्हणायचे, बघू. आई, अंजनाबाई तिचं नाव, सकाळ-संध्याकाळ त्यांचे पाय तेल लावून चोळायची आणि एकटीच दोघांचं बोलायची. मी ऑफिसातून आले की आधी त्यांच्या छातीकडे बघायची, वर-खाली होतेय ना.

नवतप्यात एका रविवारी दुपारी यशदीप घरी आला. आईला जयभीम घातला, भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोला हात जोडले आणि बाबांच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसला. आईला पोट्टा आवडला, हे तिने कपाटातले पाहुण्यांचे कप काढले त्यावरूनच मला कळलं. मी सरबत करायला स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा खोलीत चिडीचूप होतं. पंखासुद्धा थांबला होता, लाइट गेली होती. बाबा डोळे उघडे ठेवून पडले होते. आणि त्यांच्याजवळ यशदीप, डोळे मिटलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर.

माझ्या हातातला ट्रे वाजला. त्याने दचकून डोळे उघडले आणि माझ्याकडे न बघता सरबत प्यायला. थोड्याच वेळात तो गेला. मी त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि तेच मला नको होतं.

पुढे तीन दिवसांनी सकाळी समोरच्या शांताबाई धावत आमच्या दारात आल्या. "दुबेजी उठ गए," त्या म्हणाल्या. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, माणूस मेला असं कोणी म्हणत नाही. माणूस उठतो. लहानपणापासून मी हेच ऐकलेलं. मिश्राजी उठ गए, कोपऱ्यावरच्या आजी उठ गईं, आणि मग गल्लीत चपलांचे ढीग आणि बांबू. मी दुबेंच्या दारात जाऊन हात जोडून आले आणि तशीच ऑफिसला गेले.

यशदीप जागेवर नव्हता, दीदींनी त्याला आत बोलावलं होतं. टेबलावर त्याची निळी वही उघडी होती. मी बघणार नव्हते. पण या वर्षीच्या टीमच्या यादीखाली, दोन ओळी सोडून, एक नाव होतं जे कुठल्याच लीगमध्ये नव्हतं.

मारोती काका. उठतील. पंधरा ऑगस्टच्या आत.

आता तुम्ही म्हणाल, अगं, यात रडण्यासारखं काय? तुम्ही म्हणणारच, तुमच्या गावात उठणं म्हणजे उठणं असेल. टीम उठते म्हणजे वर जाते, हे मलाही कळत होतं. पण माणूस? माझ्या कानात सकाळचा शांताबाईंचा आवाज अजून तसाच होता. माणूस आमच्याकडे एकाच प्रकारे उठतो. आणि ज्याची ब्याऐंशीच्या ब्याऐंशी खरी निघाली, त्याने तारीखही घातली होती.

मी पर्स उचलली आणि जिना उतरले. आकडे न बडबडता, आयुष्यात पहिल्यांदा.

त्यानंतरचे अडीच महिने मी वैऱ्यालाही देणार नाही. दीदींना बाबांचं कारण सांगून मी घरून काम मागून घेतलं. यशदीपचे फोन यायचे, मी उचलायची नाही. त्याने एकच मेसेज पाठवला, तोही मराठीत. "शपथ मोडली. तुहा राग बरोबर हाय. तू बोलावल्याशिवाय येणार नाही." मी तो वाचला आणि पुसला. मग पुसल्याबद्दल रडले. मला तो हवा होता, आणि त्याला ऐकू येतं ते नको होतं. असं माणूस अर्धं अर्धं कुठे मिळतं?

मी बाबांच्या खाटेजवळ टेबल मांडलं. काम करता करता मी ऐकायला लागले. बाबांचा श्वास, खाटेची कुरकुर, पंख्याची टकटक. पाऊस लागला, पत्र्यावर दिवसच्या दिवस वाजत राहिला, आणि त्या आवाजाखाली मी रिकाम्या वॅगनमधला वारा शोधत राहिले. कधी वाटायचं, आला. मग कळायचं की शेजारच्यांचा कुकर आहे. आई म्हणायची की पोट्टी वाळून चालली. तिला मी काय सांगणार? ती बाबांना रोज सांगायची, दसऱ्याला आपण नागपूरला दीक्षाभूमीला जाऊन येऊ, आणि मी मनात दिवस मोजायची. चाळीस. सव्वीस. नऊ.

चौदा ऑगस्टला दुपारी चारच्या सुमारास दार वाजलं. मी बाबांच्या उशाशी बसले होते आणि सकाळपासून हलले नव्हते. आईने दार उघडलं. भिजलेला यशदीप बाहेर उभा होता. आई त्याला आत ओढत म्हणाली की किती दिवसांनी आला रे, आणि तशीच अंगणातल्या नळाला बादली लावायला गेली, कारण चारला पाणी येतं आणि अर्ध्या तासात जातं. बादली लावून ती शांताबाईंना हाक मारायला समोर गेली.

मी उठून पुढच्या खोलीत आले. आवाज खाली ठेवायचा होता, राहिला नाही.

"क्या देखने आए हो? सही निकला कि नहीं?"

"हव," तो म्हणाला. "राहवलं नाही. उद्या पंधरा तारीख. म्हटलं, काकाले पाहून येऊ."

इतक्या साधेपणाने म्हणाला तो हे की माझ्या मुठी वळल्या. मी त्याच्या छातीवर मारलं, एकदा, दोनदा. तो हलला नाही.

"मेरे बाबा हैं वो. तुमने लिख दिया कि उठ जाएँगे, तारीख के साथ... और अब देखने आए हो?"

"मंग? उठतील तर चांगलंच हाय ना. तू काहून रडून..." तो थांबला. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याचे ओठ नुसतेच हलले. मी म्हटलेले शब्द तो हिंदीत पुन्हा स्वतःशी म्हणत होता, हे मला दिसलं. "भावना," तो हळूच म्हणाला. "तू काय वाचलं?"

"जो लिखा था."

"उठतील म्हणजे... खाटेवरून उठतील. चालतील. मी मराठीत लिहिलं व, पोट्टी. माही सगळी वही मराठीत हाय."

बाहेर पाऊस पडत होता. बादली केव्हाच भरली होती, पाणी फरशीवरून सांडत होतं, आणि आम्ही दोघं ते ऐकत असूनही ऐकत नव्हतो. अडीच महिने. एका शब्दापायी अडीच महिने.

आतल्या खोलीत खाट करकरली.

आम्ही दोघं दाराशी पोहोचलो तेव्हा बाबांचा उजवा हात खिडकीच्या गजावर होता आणि दोन्ही पाय जमिनीवर. चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी एकदा दात आवळले, आणि ते उभे राहिले. मी धावणार होते, यशदीपने माझं मनगट धरून ठेवलं. बाबांनी डावा पाय फरफटत एक पाऊल टाकलं. मग आमच्याकडे बघितलं, अगदी चिडून. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून धड शब्द निघाला.

"नळ," बाबा म्हणाले. "नळ... बंद करा न."

तीस वर्षं फिटर होते ते. वाहतं पाणी त्यांना कधीच सहन झालं नाही.

आई परत आली आणि दारातच खाली बसली. पुढचा तास कोणी काय बोललं ते मला आठवत नाही. शांताबाई आल्या, रडल्या, आणि मी त्यांचा हात धरून म्हणाले की कृपा करून आज कोणाला "उठ गए" म्हणून सांगू नका.

संध्याकाळ व्हायच्या आधी मी यशदीपला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. पाऊस थांबला होता. त्या रविवारी तुला काय ऐकू आलं होतं, मी विचारलं. तो म्हणाला, वारा नव्हता. लाइट गेली, पंखा थांबला, आणि चादरीखाली बाबांच्या डाव्या पायाचा अंगठा खाटेच्या लोखंडी पट्टीवर हळूच टकटक करत होता. तेवढंच. तारीख कुठून आली हे मात्र त्यालाही सांगता येईना. लिहिताना हातातून आली, म्हणाला.

मग त्याने न विचारता त्याच्या आईचं सांगितलं. एका दुपारी ती तांदूळ निवडत होती आणि त्याला वारा ऐकू आला. त्याने कोणालाच सांगितलं नाही, तिलाही नाही. कारखान्यात सुट्टी टाकली आणि तिच्याजवळ बसून राहिला, भाजी चिरून दिली, तिच्या जुन्या गोष्टी ऐकल्या. तिला वाटलं, याला काम नाही. आठव्या दिवशी ती गेली.

गल्लीच्या तोंडाशी मी थांबले. मग जे विचारायचं होतं ते मी मराठीत विचारलं, कारण या वेळी चूक व्हायला नको होती.

"आपलं लग्न झाल्यावर... कोणाचा आवाज तुले आला, तर मले सांगशील?"

त्याने लग्नाचा शब्द ऐकला आणि त्याचे कान पुन्हा लाल झाले. पण उत्तर त्याने हसत दिलं नाही.

"नाही सांगणार."

"मंग काय करशील?"

"सुट्टी टाकीन," यशदीप म्हणाला.

मी त्याचा हात धरला, वाकड्या करंगळीसकट. त्याच्याइतकं खरं मला कोणी कधी बोललं नव्हतं. भीती गेली नव्हती. ती घेऊनच मी त्याला हो म्हटलं.

आमच्या लग्नाला आता तीन वर्षं झाली. आईबाबांच्या शेजारच्याच खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या. बाबा काठी टेकत पाऱ्यातल्या सगळ्यांचे नळ दुरुस्त करत फिरतात. यशदीप अजून टीम ऐकतो, फॉर्मवर निम्मे अंदाज चुकीचे लिहितो, आणि मी माझ्या आकड्यांनी त्याच्याशी भांडते. निळ्या वहीत त्याने त्यानंतर माणसाचं नाव लिहिलेलं नाही.

आज बुधवार आहे. मी ऑफिसला जायला तयार होऊन बाहेर आले, तर यशदीप घरच्याच कपड्यांत अंगणात बसलेला. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला आई, आणि तो तिच्या परातीतला तांदूळ निवडतोय. तिघं कशावर तरी हसत होते.

"निघायचं नाही का?" मी विचारलं.

"सुट्टी टाकली," तो म्हणाला. वर न बघता. "खूप उरल्या होत्या, वाया जाऊन राहिल्या होत्या."

मी उभी राहिले. बाबांकडे पाहिलं, ते काठीने मुंग्या हाकलत होते. आईकडे पाहिलं. मग त्याच्याकडे, कारण स्वतःचाही आवाज त्याला येऊ शकतो का, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आणि त्याने मान वर केली तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता, बराच वेळ, लग्नाआधी बघायचा तसा. खरंच सुट्ट्या उरल्या असतील. दीदी दर वर्षी त्यावरून ओरडतातच.

मी विचारलं नाही. आत जाऊन दीदींना फोन लावला आणि म्हणाले की मलाही सुट्टी हवी आहे.

"तुम दोनों को एक साथ?" त्या वैतागल्या. "कितने दिन?"

"त्याने किती घेतली?"

"आठ."

"मग मलाही आठ द्या," मी म्हणाले. फोन ठेवला, पदर खोचला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.